मागच्या चाकाचा तुटलेला एक्सल

सायकलच्या मागच्या चाकाचा एक्सल स्वतः फिरत नाही. तो फ्रेमच्या दोन खाचांमध्ये नटांनी जखडलेला असतो आणि हब त्याच्याभोवती छर्र्यांवर फिरतो. जुन्या सायकलींत हा एक्सल बहुधा उजवीकडे, म्हणजे चेनच्या बाजूला तुटतो. त्या हबवर फ्रीव्हील आट्यांनी बसवलेले असते. त्याला जागा करून देण्यासाठी उजवीकडचे छर्रे आत घ्यावे लागतात आणि तिथपासून फ्रेमपर्यंत एक्सलला आधारच उरत नाही. खड्ड्यांचे हादरे, कॅरिअरवरचे ओझे आणि चेनची ओढ हा भाग वाकवत राहतात. आट्यांच्या खोबणीत बारीक चीर पडते आणि शेवटी कोनला, म्हणजे छर्रे ज्यावर टेकतात त्या शंकूसारख्या नटाला, लागूनच तुकडा पडतो. शिमानोने १९७८ मध्ये आणलेल्या फ्रीहबमध्ये उजवे छर्रे बाहेर, फ्रेमजवळ गेले आणि हे दुखणे बरेच कमी झाले.

एक्सल तुटला की चाक कलते आणि रिम ब्रेकच्या रबराला घासू लागते. नट आवळलेले असल्यामुळे दोन्ही तुकडे जागेवर राहतात आणि सायकल थोडे अंतर चालतेही. तशी ती रेटू नये. तिरपे छर्रे हबमधल्या वाट्या खातात, आणि वाटी बदलणे एक्सल बदलण्याइतके सोपे नाही.

चाक काढताना स्टँड, कॅरिअर आणि मडगार्डच्या पट्ट्या एक्सलवर कोणत्या क्रमाने बसल्या आहेत, हे आधी पाहून ठेवावे. मग डावीकडचा लॉकनट आणि कोन सोडवून दोन्ही तुकडे काढावेत. दोन्ही तुकडे आणि कोन घेऊनच दुकानात जावे. बाजारात ३/८ इंच आणि १० मिलिमीटर असे दोन्ही जाडीचे एक्सल मिळतात. दोन्हींतला फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असल्याने तो नजरेला कळत नाही. जुना कोन नव्या एक्सलवर बोटांनी सहज फिरला पाहिजे; पान्याचा जोर लागला तर आटे वेगळे आहेत. सर्वांत बरे म्हणजे कोन-नटांसह पूर्ण संच घ्यावा, मात्र नवा कोन जुन्या वाटीत नीट बसतो ना, हे पाहून. लांबीही जुन्याइतकीच हवी.

वाट्या रॉकेलने धुऊन तपासाव्यात. छर्रे सगळेच नवे घालावेत. मागच्या हबला सहसा पाव इंची, दर बाजूला नऊ लागतात. वाटीत ग्रीस भरले की ते चिकटून राहतात. फ्रीव्हील न काढता उजवीकडचे छर्रे बसवणे किचकट असते, म्हणून फ्रीव्हील काढून घेतलेले बरे. उजवा कोन आणि लॉकनट जुन्याच अंतरावर पक्के आवळून एक्सल उजवीकडून आत घालावा. मग डावा कोन बोटांनी पूर्ण फिरवून किंचित मागे घ्यावा आणि कोन पान्याने धरून लॉकनट आवळावा. चाक हाताने हलवल्यावर डुलता कामा नये, पण एक्सल बोटांनी फिरवताना अडकताही कामा नये. हे एका फटक्यात जमत नाही. लॉकनट आवळताना कोन हलतोच.

चाक बसवताना चेन सुमारे अर्धा इंच सैल ठेवावी, रिम मधोमध आणावी आणि दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत. थोडी सायकल चालवून झाल्यावर ते पुन्हा तपासावेत. नवा एक्सलही लवकरच वाकला, तर फ्रेमच्या खाचा समांतर आहेत का ते पाहावे. त्या सरळ केल्याशिवाय तिसरा एक्सल घालण्यात अर्थ नाही.