संकेतस्थळाची नोंदणी कोणाच्या नावे?

गोव्याच्या काणकोण तालुक्यातील खोला मिरचीस २०२० साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. अशा मालास दूरचे गिऱ्हाईक मिळवून देण्याचे एक साधन म्हणजे उत्पादकांचे स्वतःचे संकेतस्थळ होय. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली ‘डोमेन’, म्हणजे संकेतस्थळाचे नाव. दुसरी ‘होस्टिंग’, म्हणजे त्यावरील मजकूर व छायाचित्रे ठेवण्यासाठी अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकावर भाड्याने घेतलेली जागा. दुकानाची पाटी व दुकानाचा गाळा यांत जो भेद, तोच येथे आहे. गाळा गैरसोयीचा ठरल्यास बदलता येतो. पाटी मात्र गिऱ्हाइकाच्या ओळखीची झालेली असते.

म्हणून डोमेनची नोंदणी बचत गटाच्या अथवा संस्थेच्याच नावे करावी. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या नावे ती झाल्यास, पुढे वाद उद्भवताच वर्षानुवर्षे मिळविलेली ओळख परक्याच्या हाती राहते. ‘डॉट इन’ नावाची नोंदणी एक ते दहा वर्षांसाठी होते. मुदतीत नूतनीकरण न झाल्यास कालांतराने ते नाव दुसऱ्यास घेता येते. देवनागरीतील ‘डॉट भारत’ नावेही २०१४ पासून उपलब्ध आहेत.

विक्री सुरू करताना ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर द्यावा लागतो. नोंदणीची पावती, परवलीचा शब्द आणि नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या दप्तरी सुरक्षित ठेवणे हिताचे ठरेल.