एक रविवार नाणेघाटाचा

रविवारी घरातल्या बाईचं काम कमी होतं की वाढतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सगळ्यांना सुटी, म्हणून सकाळी खास नाश्ता, दुपारी साग्रसंगीत जेवण आणि संध्याकाळी कुणीतरी येणारच! मुलगा मित्रांबरोबर गडावर जातो, ‘हे’ कॉलेजात असताना केलेल्या भटकंतीच्या गोष्टी रंगवून सांगतात, आणि आपण? आपण पहाटे उठून त्यांचे डबे भरून देतो. ठाण्या-डोंबिवलीच्या गॅलरीतून रोज डोंगर दिसतात. पण तिथं आपणही जाऊ शकतो, हे मनातसुद्धा येत नाही.

तर मैत्रिणींनो, यंदाच्या थंडीतला एक रविवार घरच्यांकडून मागून घ्या. आणि जायचं कुठं, तर नाणेघाटात!

राणीने लिहवून घेतलेला हिशेब

कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वी मोठं बंदर होतं. परदेशी माल इथं उतरायचा आणि व्यापाऱ्यांचे तांडे तो घेऊन सह्याद्री चढून जुन्नरकडे जायचे. त्यांची वाट म्हणजेच नाणेघाट. माथ्याशी दोन्ही बाजूंच्या कातळांमधून जाणारी अरुंद खिंड आहे. तिथं दगडाचा एक मोठा रांजण आहे. येणारे-जाणारे जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरेनं सांगतात.

खिंडीच्या तोंडाशीच एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, याची त्यात चोख नोंद आहे. अगदी आपल्या घरखर्चाच्या वहीसारखी! त्यातले आकडे हे भारतातल्या अंकलेखनाच्या फार जुन्या नमुन्यांपैकी मानले जातात. महिना महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखं जगणारी, असं राणीचं वर्णनही तिथं येतं. लेण्यात राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. ते आता नाहीत, वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. अक्षरं झिजत चालली आहेत, म्हणून त्यांना हात लावू नका आणि मुलांनाही लावू देऊ नका.

तयारी दोन महिने आधीपासून

पायथ्यापासून माथ्यापर्यंत अडीच-तीन तासांची चढण आहे. आपण घरात दिवसभर पायांवर असतो हे खरं, पण ओट्यापाशी उभं राहणं वेगळं आणि डोंगर चढणं वेगळं. पहिला महिनाभर रोज अर्धा तास भरभर चाला आणि लिफ्ट सोडून जिने चढा. दुसऱ्या महिन्यात दर रविवारी थोडी मोठी चढण करा. कल्याण-डोंबिवलीकरांना मलंगगडाच्या पायऱ्या आहेत, ठाणेकरांना येऊर आहे. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथं बिबट्यांचा वावर आहे. तेव्हा वनखात्याच्या चौकीवर विचारूनच आत जा, दिवसाउजेडी जा आणि घोळक्यानं जा. गुडघे दुखत असतील किंवा रक्तदाब, दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

बूट नवे घेतलेत तर ते निदान पंधरा दिवस रोज घालून वापरा. नवे बूट थेट डोंगरावर नेले, तर दुसऱ्याच तासाला टाचेला फोड आलाच म्हणून समजा. साडीपेक्षा सुती सलवार-कुर्ता किंवा ट्रॅकपँट बरी. दागिने घरी ठेवा.

पिशवीत काय घ्याल?

माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, कोरडी चटणी, शेंगदाण्याचे लाडू, दोन केळी. भाजी-रस्सा नको, सांडतो. टोपी, शिट्टी, टॉर्च, चिकटपट्टी, नेहमीची औषधं, सॅनिटरी नॅपकिन्स, जुनं वर्तमानपत्र आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. माथ्यापर्यंत वाटेत स्वच्छतागृह नाही. पण त्यासाठी पाणी कमी पिऊ नका, त्यानंच चक्कर येते. आडोशाच्या वेळी एकीनं दुसरीसाठी उभं राहायचं, की झालं.

जाल कशा, उतराल कशा?

भिशीतल्या किंवा शेजारच्या पाच-सातजणी जमवा. कल्याणहून मुरबाड, टोकावडेमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या एस.टी.नं वैशाखरे गावाच्या पुढे, नाणेघाटाच्या फाट्यावर उतरायचं. सकाळी पहिल्या गाड्यांपैकी एखादी धरा. परतीच्या गाड्यांची वेळ कंडक्टरला आधीच विचारून ठेवा. पहिल्या खेपेला गावातला एखादा वाटाड्या बरोबर घ्या. त्याला पैसे ठरवून द्या, त्या घरालाही मदत होते. जंगलातून वाट हळूहळू चढते, पुढे दगडी पायऱ्या लागतात. सर्वांत हळू चालणारीला पुढे ठेवा. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते. हातात काठी, छोटी पावलं आणि गप्पा बंद! चारच्या आत पायथ्याशी या.

पाण्याशी खेळ नको

पावसाळ्यात घाट हिरवागार दिसतो, पण पहिल्यांदा जाणारीनं दिवाळीनंतरच जावं. भर पावसात दगड निसरडे होतात आणि वर कुठंतरी पाऊस झाला की ओढा बघता बघता फुगतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, हे आपण सगळ्यांनी वाचलं. थोडी सवय झाली की पुढच्या हिवाळ्यात साम्रद गावची सांदण दरी बघायला जाता येईल. तिथं दोन्हीकडे उभे कडे आहेत, मधून चिंचोळी वाट आहे. पण पावसाच्या दिवसांत त्या दरीत पाऊल टाकायचं नाही, कारण पाणी आलं तर बाजूला व्हायला जागाच नाही.

राहिला प्रश्न घरचा. ‘तुझ्याच्यानं होणार का?’ असं सासूबाई विचारतील, ‘जेवणाचं काय?’ असं हे विचारतील. वाद घालू नका. तारीख महिनाभर आधी कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशीची खिचडी कोण टाकणार तेही शेजारीच लिहून ठेवा. मुख्य म्हणजे आदल्या रात्री जागून सगळ्यांसाठी दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवू नका! एक दिवस त्यांचं अडत नाही, हे त्यांना कळायला हवं, आणि आपल्यालाही.