बार्शी लाइटचा डबा आणि एक मिलिमीटरची पाकळी



कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर या पट्ट्यातलं कुणी वाचत असेल तर त्यांना बार्शी लाइट रेल्वे वेगळी सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: अडीच फुटी नॅरोगेज, १८९७ साली बार्शी रोड (म्हणजे आजची कुर्डुवाडी) ते बार्शी गाव एवढीच सुरू झाली, मग वाढत वाढत १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. २००० नंतर सगळी ब्रॉडगेज झाली. आमचे आजोबा कुर्डुवाडीला रेल्वेत होते. आषाढीला माणसं मालडब्यांतसुद्धा बसून पंढरपूरला जायची, हे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तो मालडबा मी पाहिल्यासारखाच वाटतो.

तर तो मालडबा मला टेबलावर हवा होता. इथे इंग्लंडमध्ये मॉडेल रेल्वेवाल्यांचं प्रस्थ केवढं आहे ते तुम्हाला माहीत आहेच. कुठल्यातरी खेड्यातल्या चार मैलांच्या लाइनीचंसुद्धा किट मिळतं. बार्शी लाइटचं मात्र माझ्या पाहण्यात आलेलं नाही. म्हणजे डबा हवा तर पत्र्यापासून आपणच करायचा. आणि पत्र्याचं काम म्हटलं की पहिला प्रश्न: वाकवायचा कशावर?

आता कुणी म्हणेल, थ्रीडी प्रिंट कर की, कशाला एवढा उपद्व्याप? सांगतो. इथला प्रचलित स्केल म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर (एका वाक्यात फूट आणि मिलिमीटर, हे साहेबच करू जाणे!). म्हणजे १:७६.२. रेझिनची सांगाड्याची पट्टी ०.८ मिमी जाड धरली, तर ती खऱ्या डब्यावर साठ मिलिमीटर जाड झाली. ओंडकाच तो. पितळी पत्रा ०.२५ मिमीचा घेतला तरी हिशेबाने १९ मिमी येतात, म्हणजे खऱ्यापेक्षा जाडच, पण डोळ्याला खपून जातं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हे डबे मुळातच वाकवलेल्या पत्र्याचे होते. बार्शी लाइटचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा पूर्वी जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. हलक्या रुळांवर जास्तीत जास्त माल कसा न्यायचा, हा त्याचा ध्यास. रूळ यार्डाला ३० पौंडांचे, प्रत्येक आसावर जास्तीत जास्त पाच टन, आणि इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळी गाडी याच हिशेबात बसवलेली. त्यासाठी डब्याचं स्वतःचं वजन कमी पाहिजे. म्हणून त्याने लीड्स फोर्ज या कंपनीकडून दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे करून घेतले. सॅमसन फॉक्सच्या या कंपनीची खासियतच ती. अँगल जोडून, रिवेट मारून तुळई उभी करण्याऐवजी एकच पत्रा हायड्रॉलिक प्रेसखाली घालायचा आणि त्याच्या कडा वळवून चॅनल करायचा. वजन वाचतं, जोड वाचतात. बार्शीच्या मालडब्यांचे सांगाडे सगळे एकाच मापाचे, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. आमच्या स्केलमध्ये बरोब्बर १०० मिमी आणि २८ मिमी. इतकी सरळ मापं मिळाल्यावर माणूस कामाला लागणारच.

(रुळांचं मात्र असं जमत नाही. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, ७६.२ ने भागले तर नेमके १०. पण तयार मिळतो तो ९ मिमीचा ट्रॅक. इथली बरीचशी नॅरोगेज मंडळी तोच वापरतात आणि एक मिलिमीटर पोटात घालतात. मीही घातला.)

पत्रा कापण्याचं काम मी बाहेर दिलं. संगणकावर दोन्ही बाजूंचं ड्रॉइंग करून पाठवायचं, ते लोक पत्र्यावर प्रकाशाने नक्षी उतरवतात आणि नको तो भाग रसायनाने खाऊन टाकतात. जिथे दोन्ही बाजूंनी खाल्लं तिथे आरपार कापलं जातं. जिथे एकाच बाजूने खाल्लं तिथे अर्ध्या जाडीची खाच राहते. ही खाच म्हणजे घडीची रेघ. नियम एकच: खाच घडीच्या आत आली पाहिजे. पत्रा काटकोनात आला की खाचेचे दोन काठ एकमेकांना भिडतात आणि बाहेरचा कोपरा तीक्ष्ण येतो. नंतर आतून सोल्डरचा बारीक डाग दिला की झालं पक्कं.

खाचेत उरलेलं पितळ जेमतेम ०.१२ मिमी असतं. ते एकदा वाकतं. थोडं चुकलं म्हणून मागे आणलं, परत वाकवलं, की पितळ कडक होत जातं आणि तिसऱ्या वेळेला तुकडा हातात येतो. म्हणजे संधी एकच. आणि माझ्या सांगाड्याच्या बाजूचा चॅनल असा: १०० मिमी लांब, ३ मिमी उंच, वर आणि खाली १ मिमीची पाकळी. चपट्या तोंडाच्या पक्कडीने एका वेळी पंधरा-वीस मिमी पकडता येतं. पक्कड सरकवत सरकवत वाकवलं तर पाकळीला चिवड्यातल्या पोह्यासारख्या लाटा येतात, आणि त्या काही केल्या जात नाहीत.

इथे खरी गंमत आहे. आपण याला वाकवायचं हत्यार म्हणतो, पण वाकवायला काहीच लागत नाही, पाव मिलिमीटरचं पितळ नखानेसुद्धा वाकतं. हत्याराचं काम आहे धरण्याचं. घडीच्या रेघेला अगदी चिकटून, पूर्ण लांबीभर, सारख्या दाबाने धरायचं. रेघेपासून अर्धा मिमी मागे धरलं तर पत्रा रेघेवर न वाकता त्या अर्ध्या मिमीत गोलाई घेतो. त्यामुळे जे काही डोकं लढवायचं ते पकडीवर लढवायचं.

माझं हत्यार असं आहे. तळाला अ‍ॅल्युमिनियमची सपाट पट्टी, १५० बाय ७५, जाडी ६ मिमी. तिच्यावर १५० मिमी लांब, २५ रुंद आणि १० जाड अशी माइल्ड स्टीलची पट्टी, म्हणजे जबडा. दोन्ही टोकांना काठापासून १२ मिमीवर एकेक एम ५ बोल्ट, खालून वर आलेला, डोकं तळाच्या पट्टीत बुडवलेलं, वर विंग नट. भोकं पाडताना दोन्ही पट्ट्या एकत्र क्लॅम्प करून ५ मिमीने आरपार जायचं आणि मग फक्त वरच्या पट्टीतली भोकं ५.५ करायची. जबडा नट सैल केल्यावर आपोआप वर उचलला जावा म्हणून बोल्टांवर स्प्रिंगा. त्या मोडक्या प्रिंटरमधून काढल्या (आयटीत असल्याचा एवढा तरी फायदा :-)). धातूचे तुकडे इंटरनेटवरून ऑफकट म्हणून मागवले. बाजारच्या हत्याराला पन्नासेक पाउंड मोजावे लागतात, त्यापुढे हे किरकोळ.

मोठं काम म्हणजे जबड्याची पुढची धार. वरच्या बाजूने ४५ अंशात कानशीने उतार द्यायचा, आणि खाली जेमतेम अर्धा मिमी उभी कड ठेवायची. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब घासताना आपण सगळ्यांनी सरांना शिव्या घातल्या असतील, त्या इथे व्याजासकट परत घ्याव्या लागतात. दीडशे मिमी लांब धार सरळ घासायची म्हणजे दोन संध्याकाळी गेल्या. कानस आडवी न चालवता धारेच्या दिशेने लांब ओढायची, आणि दर थोड्या वेळाने धार काचेवर ठेवून उजेडासमोर धरायची. खालून उजेड दिसेनासा झाला की थांबायचं.

यानंतरही एक अडचण राहतेच. बोल्ट टोकांना आहेत, काम मधोमध. नट आवळले की टोकं दबतात आणि पट्टी मध्ये किंचित कमानीसारखी उचलली जाते. मधे पकड सैल, म्हणजे नेमकी नको तिथे. याला पहिला उतारा जाडीचा: पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे पाचऐवजी दहा मिमी घेतली की आठपट. दुसरा उतारा मला आमच्या शेजारच्या आजोबांनी सांगितला. कॉव्हेंट्रीत गल्लीगणिक असा एक तरी म्हातारा सापडतो ज्याने आयुष्य गाड्यांच्या नाहीतर मशिन टूलच्या कारखान्यात काढलंय. हे टूलमेकर होते. कॅनलीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फच्या कारखान्यात गाड्या जोडणं १९८० मध्ये थांबलं, अल्फ्रेड हर्बर्ट कंपनीही त्याच दशकात बंद पडली, पण ती माणसं आणि त्यांच्या शेड अजून आहेत. त्यांनी जबडा हातात घेतला, धारेवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "मागे काय ठेवलंयस?" मी म्हटलं, काही नाही. त्यावर त्यांनी पोस्टाच्या पाकिटाची एक पट्टी कापून जबड्याच्या मागच्या काठाखाली सरकवली. एवढंच. मागची बाजू पत्र्याच्या जाडीपेक्षा कणभर उंच झाली की जबडा पुढे झुकतो आणि सगळा दाब धारेवर येतो. नुसता सपाट जबडा ठेवला तर दाब पंचवीस मिमी रुंदीभर पसरतो आणि रेघेवर काहीच उरत नाही.

त्याचीच धाकटी बहीण म्हणजे ही युक्ती: छोटा तुकडा एका बाजूला धरायचा असेल तर दुसऱ्या टोकाला त्याच पत्र्याचा टाकाऊ तुकडा ठेवावा. नाहीतर जबडा तिरका बसतो.

आता चॅनल. यात क्रम चुकला तर दुसरी घडी घालताच येत नाही. पत्रा खाच वर करून ठेवायचा. आधी एक पाकळी जबड्याबाहेर, बाकी सगळं आत. खाच धारेला लागून आहे का ते नखाने चाचपायचं, डोळ्यावर विश्वास नाही. नट आवळायचे. मग पाकळीखाली रुंद पात सरकवायची आणि संपूर्ण लांबी एकदम उचलायची. मी भिंतीला पुट्टी लावायची १५० मिमीची पात वापरतो, तिची धार पातळ करून घेतली आहे. पितळ थोडं मागे येतं, म्हणून काटकोनाच्या दोन-एक अंश पुढे न्यायचं.

दुसऱ्या घडीला मात्र उलटं. इथे सहज सुचतं ते म्हणजे मधली ३ मिमीची पट्टी धरून दुसरी पाकळी उचलणं, पण पहिली पाकळी आता उभी आहे, जबडा तिच्यावर बसेल. म्हणून दुसरी पाकळीच जबड्याखाली धरायची, फक्त १ मिमी, आणि उरलेला सगळा भाग उचलायचा. तो उभा झाला की पहिली पाकळी जबड्याच्या नाकावरून ३ मिमी उंचीवर आत येते. ४५ अंशांचा उतार तिथपर्यंत अडीच मिमी मागे गेलेला असतो, पाकळीला लागतो एक. बसते आरामात. उतार दिखाव्यासाठी नाही, तो या एका क्षणासाठी आहे. आणि एक मिलिमीटरवर पकड टिकते ती पाकिटाच्या पट्टीमुळे.

पत्रा बाहेर काढून गुण्याला लावला, काचेवर ठेवला, की कळतं. शंभर मिमी लांबीत उजेड नाही. हातात घेतल्यावर आश्चर्य वाटतं ते ताठपणाचं. घडीआधी हा पत्रा फुंकरीने हलत होता, आता दोन बोटांत धरून दाबला तरी वाकत नाही. कॅलथ्रॉपने सांगाडा असा का केला, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि बोटांना कळणं वेगळं.

ज्यांना वर्षातून एखाद्या रणगाड्याच्या किटमधले चार तुकडे वाकवायचे आहेत त्यांनी सरळ विकतचं घ्यावं. त्यात बोटांसारखे सुटे जबडे असतात, चारी बाजूंनी बंद पेटी त्यावर चांगली होते, माझ्यावर होत नाही. छपराच्या गोलाईला तर हे हत्यार लागतच नाही. पत्रा अंधाऱ्या खोलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवायचा, गार करायचा, आणि जुन्या माउसपॅडवर गोल सळईने पोळीसारखा लाटायचा. मऊ पडलेलं पितळ स्वतःच गोल येतं.

जाता जाता, इथल्या मंडळींसाठी. कॅलथ्रॉपने हाच अडीच फुटी प्रकार नंतर स्टॅफर्डशरमध्येही केला, लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे. १९०४ ते १९३४ एवढंच आयुष्य तिचं. आता त्या वाटेवर चालायची आणि सायकलची पायवाट आहे, हल्म एंडपासून वॉटरहाउसेसपर्यंत, आठेक मैल. कॉव्हेंट्रीहून गाडीने दोन तासांच्या आत पोचता येतं. मुलांना दरी आवडेल. तुम्ही मात्र मधला बोगदा बघा, आणि बार्शी आठवून बघा. मॅनिफोल्डसारखी हिरवीगार दरी आणि बार्शीचं रखरखीत माळरान, दोन्हीकडे एकाच माणसाने एकाच मापाची गाडी चालवली.

माझे दोन सांगाडे उभे आहेत, तिसऱ्याचं सोल्डरिंग बाकी आहे. दरवाजे आणि ब्रेकचे दांडे अजून शीटमध्येच आहेत. हत्याराच्या मापांचं ड्रॉइंग हवं असेल त्यांनी कळवा, पाठवतो. आणि कुणाच्या घरी बार्शी लाइटच्या मालडब्याचा जुना फोटो असेल, विशेषतः टोकाच्या बाजूने काढलेला, तर कृपया स्कॅन करून धाडा. बफरच्या वरचा भाग कसा होता ते मला कुठल्याच फोटोत नीट दिसत नाहीये.