रास्कलला सोडायचं कुठे?

रॅकूनला मराठीत नाव नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. जपानी भाषेत त्याला 'अराइगुमा' म्हणतात, म्हणजे धुणारं अस्वल. खाणं पाण्यात बुडवून तो पुढच्या पंजांनी चाचपतो. ओल्या पंजांना स्पर्श अधिक कळतो, पण बघणाऱ्याला ते धुणंच वाटतं.

स्टर्लिंग नॉर्थ यांच्या 'रास्कल' (१९६३) या आठवणींच्या पुस्तकात पाळीव रॅकूनला साखरेचा खडा मिळतो. तो सवयीने बुडवतो, खडा विरघळतो आणि रास्कल वाडग्याचा तळ चाचपत राहतो. मला या पुस्तकातलं हेच पान सर्वांत प्रिय आहे. काळ १९१८ चा, गाव विस्कॉन्सिनमधलं. आई वारलेली, थोरला भाऊ फ्रान्समध्ये युद्धावर, वडील सतत बाहेर. घरी उरलेला मुलगा बैठकीच्या खोलीत होडी बांधतो आणि रॅकूनशी बोलतो. रास्कलला कोवळ्या मक्याची चटक लागते, शेजारी चिडतात. शेवटी मुलगा त्याच होडीतून त्याला तळ्यापलीकडच्या रानात नेतो. तिथून एका मादीची साद येते, आणि रास्कल जातो.

१९७७ साली निप्पॉन ॲनिमेशनने यावर ५२ भागांची मालिका केली. आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी लागणारा 'मोगली' याच स्टुडिओचा. जपानी मुलं रास्कलवर इतकी लुब्ध झाली की घराघरांतून रॅकूनची मागणी सुरू झाली आणि अमेरिकेतून पिल्लं येऊ लागली. सगळा दोष मालिकेवर टाकणं मात्र अन्यायाचं होईल. आयची प्रांतातल्या इनुयामातून काही रॅकून १९६२ मध्येच निसटले होते.

पिल्लू गोड असतं. वयात आलेला रॅकून चावतो, कड्या उघडतो, घर उसकटतो. मग कंटाळलेल्या मालकांनी तेच केलं जे त्या मुलाने केलं होतं: त्याला रानात सोडलं. कृती तीच, पण रान वेगळं. विस्कॉन्सिनचं रान रास्कलचं माहेर होतं. जपानच्या रानात त्याला ओळखणारा शत्रू नव्हता, आणि तिथले बेडूक-सॅलॅमँडर त्याला ओळखत नव्हते.

तिथे आधीपासून तानुकी राहत होता. दिसायला रॅकूनसारखा, पण कुळाने कुत्र्याचा. इसाओ ताकाहाता यांच्या 'पोम पोको' (१९९४) या चित्रपटात तोक्योजवळच्या तामा टेकड्यांवर नवं शहर वसू लागतं, तेव्हा हे तानुकीच आपल्या जागेसाठी झगडतात. इंग्रजी आवृत्तीत त्यांना सरळ रॅकून म्हटलं गेलं. मला ही चूक लहान वाटत नाही. घर हरवलेल्यालाच तिथे उपऱ्याचं नाव मिळालं.

क्योतोच्या जुन्या मंदिरांच्या लाकडी खांबांवर रॅकूनच्या नखांचे ओरखडे आहेत. २००५ पासून परवान्याशिवाय रॅकून आणणं, पाळणं आणि सोडणं कायद्याने बंद आहे. रास्कलचं चित्र मात्र अजून खेळण्यांवर आणि वह्यांवर हसतं. उन्हाळ्यात होक्काइदोचे शेतकरी मक्याच्या कडेला पिंजरे लावतात. कलिंगडाला छोटंसं गोल भोक आणि आतला गर हाताने काढल्यासारखा नाहीसा दिसला, की रात्री कोण आलं होतं ते त्यांना विचारावं लागत नाही.