अर्जावरचे छायाचित्र

जून उजाडला, निकाल लागले आणि प्रवेशाची धावपळ सुरू झाली, म्हणजे भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्रापुढे जी गर्दी लोटते, तीत उत्पन्नाच्या, जातीच्या किंवा रहिवासाच्या दाखल्यासाठी आलेल्या एखाद्या मुलाच्या तोंडून एक वाक्य हटकून ऐकू येते : ‘भाऊ, फोटोचा केबी कमी करून द्या ना.’ खिशातल्या मोबाईलवर छायाचित्र आहे, ते स्पष्ट आहे, चेहरा ओळखू येतो. परंतु अर्ज ते स्वीकारीत नाही. कारण ‘आपले सरकार’च्या नोंदणीत छायाचित्राची रुंदी १६० बिंदू, उंची २०० ते २१२ बिंदू आणि वजन ५ ते २० किलोबाइट असावे, असा शिरस्ता घालून दिलेला आहे. तोच मुलगा पुढे बँकेच्या भरतीसाठी आयबीपीएसचा अर्ज भरू लागला, की तेथे रुंदी २००, उंची २३० आणि वजन २० ते ५० किलोबाइट. म्हणजे एका दप्तराची कमाल मर्यादा ती दुसऱ्या दप्तराची किमान मर्यादा!

यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. छायाचित्र म्हणजे रंगीत बिंदूंची आडवी-उभी मांडणी. हे बिंदू म्हणजेच पिक्सेल, आणि त्यांची संख्या हा झाला आकार. किलोबाइट हे त्या मांडणीची नोंद साठवायला लागणाऱ्या जागेचे माप. आजच्या साध्या मोबाईलचे चित्रही बहुधा ४००० गुणिले ३००० अशा सव्वा कोटीच्या आसपास बिंदूंचे असते, आणि प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा, निळा हे तीन अंक धरले तर उघडलेल्या अवस्थेत ते संगणकाच्या स्मृतीत ३ कोटी ६० लाखांच्या आसपास बाइट व्यापते. लाखो अर्जदारांची अशी चित्रे जशीच्या तशी साठवणे दप्तराला परवडणारे नाही, हे मान्य. पण ती लहान करण्याचे काम अर्जदाराच्या गळ्यात का घालावे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. कारण संकेतस्थळाची बांधणी पायथन या संगणकभाषेत केलेली असेल, तर हे सारे काम मोजक्या आठ-दहा ओळींत, अर्जदाराला कळूही न देता उरकता येते.

त्यासाठी लागणारे अवजार जुने आणि फुकट आहे. फ्रेड्रिक लुंध या स्वीडिश गृहस्थांनी १९९५ च्या सुमारास पायथनसाठी चित्रे हाताळणारा एक संग्रह रचला. पुढे त्याची देखभाल मंदावली, तेव्हा २०१० साली ॲलेक्स क्लार्क यांनी त्याची शाखा काढून तिचे नाव ‘पिलो’ ठेवले, आणि आज बांधणीची चौकट जँगो असो वा फ्लास्क, पायथनमधील बहुतेक संकेतस्थळे चित्राच्या कामासाठी याच पिलोकडे वळतात.

आता सेवा केंद्रातल्या त्या मुलाचेच चित्र घेऊ. मोबाईल उभा धरून काढले तरी कॅमेरा पुष्कळदा ते आडवेच नोंदवतो आणि ‘हे वळवून दाखवावे’ असा शेरा सोबत जोडतो. हा शेरा न वाचता जो प्रोग्राम कामाला लागतो, त्याच्या हातून दाखल्यावर आडवा पडलेला उमेदवार उमटतो. म्हणून शेऱ्याप्रमाणे चित्र वळवून घेणे हे पहिले काम. वळल्यावर ते ३००० रुंद आणि ४००० उंच झाले; मात्र १६० बाय २०० चे प्रमाण चारास पाच, आणि चित्राचे तीनास चार. पिलोच्या ‘रिसाइझ’ला सरळ हुकूम सोडला तर तो निमूटपणे चित्र ताणून बसवतो आणि चेहरा किंचित फुगतो. ‘थंबनेल’ प्रमाण राखतो, पण माप नेमके जुळेल याची हमी देत नाही. येथे कामाचा तो ‘फिट’ : तो उंचीतून २५० बिंदू छाटून प्रमाण साधतो आणि मग आकार घटवतो; फक्त ही छाटणी एरवी वरून-खालून सारखी होत असल्याने डोक्यावरचे केस कापले जाऊ नयेत म्हणून रोख थोडा वर ठेवायला सांगावे लागते.

घटवताना प्रत्येक नव्या बिंदूच्या वाट्याला सुमारे साडेतीनशे जुने बिंदू येतात. त्यांतला कोणताही एक उचलून बाकीचे टाकून द्यावेत, ही झाली सर्वांत जलद आणि सर्वांत ओबडधोबड रीत. ती म्हणजे एकाच धुऱ्यालगतचे पीक पाहून साऱ्या गावाची पैसेवारी ठरवण्यासारखे. शहाणी रीत आसपासच्या सर्व बिंदूंचे तोलून-मापून सरासरी मूल्य काढते, आणि त्यांतली सर्वांत नेटकी समजली जाणारी रीत कॉर्नेलियस लांत्सोश या हंगेरियन गणितज्ञाच्या नावाने पिलोत हजर आहे.

एवढे झाल्यावर बिंदू उरले ३२,०००, म्हणजे उघड्या स्वरूपात ९६,००० बाइट. ते वीस किलोबाइटांत बसवण्याची किमया जेपेग या १९९२ च्या मानकाची, आणि तिच्या मुळाशी असलेले गणित बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडून प्रत्येकातला जो सूक्ष्म तपशील डोळ्याला फारसा जाणवत नाही, तो आधी सोडून द्यायचा, असे त्याचे सूत्र आहे. किती सोडायचे हे ‘क्वालिटी’ या आकड्यावर ठरते. म्हणून प्रोग्रामने नव्वदपासून सुरुवात करावी, वजन तपासावे, आणि ते वीसच्या खाली येईपर्यंत पाच-पाचने उतरत जावे. सेवा केंद्रातला ऑपरेटर अंदाजपंचे हेच करतो, फरक इतकाच की रांग त्याच्या खोळंब्याने वाढते.

बाहेरून येणाऱ्या दस्तऐवजावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. पडून असताना चिमुकली दिसणारी आणि उघडताच अब्जावधी बिंदूंनी स्मृती गिळून टाकणारी फाइल मुद्दाम बनवता येते. म्हणून चित्र ८ कोटी ९४ लाख ७८ हजार ४८५ बिंदूंच्या वर गेले की पिलो इशारा देतो आणि त्याच्या दुपटीपलीकडे ते उघडण्यास साफ नकार देतो. काही जण कटकट नको म्हणून ही मर्यादाच काढून टाकतात. तो निव्वळ आळशीपणा होय.

मोबाईल चित्रासोबत कधी कधी जागेचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. पिलोने जेपेग नव्याने साठवले, की वेगळे सांगितल्याखेरीज ही नोंद पुढे जात नाही, आणि घरी काढलेला फोटो दाखल्यासाठी देणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे बरेच आहे. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या कामात, जेथे खातेदार बांधावर उभा राहून मिरचीच्या वा सोयाबीनच्या उभ्या पिकाचा फोटो पाठवतो, तेथे स्थळ हाच पुरावा. असे चित्र लहान करणाऱ्याने ती नोंद आधी वाचून वेगळी जपावी, किंवा साठवताना पुन्हा चित्राला जोडण्याचा स्पष्ट आदेश द्यावा.