नदी एक, नाणी दोन

मुलांनो, नवरात्र आलं की आमच्या महागाव तालुक्यातून माहूरला जाणाऱ्यांची रीघ लागते. धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडायचा, की रेणुकामातेचा डोंगर जवळच. यवतमाळ जिल्हा संपून नांदेड जिल्हा लागला, हे एस.टी.त बसलेल्यांना कळतही नाही. कोणी अडवत नाही, कोणी पिशव्या तपासत नाही.

एकदा वर्गात मी सांगितलं, "पूर्वी ही नदी म्हणजे सरहद्द होती." लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग तिथं भिंत होती का, सर?"

भिंत नव्हती. पण काय काय होतं, ते तर ऐका!

एका नदीचे दोन काठ

अलीकडे वऱ्हाड. तिथे राज्य इंग्रजांचं. पलीकडे हैदराबादच्या निजामाचं संस्थान. गंमत म्हणजे वऱ्हाडसुद्धा मुळात निजामाचंच. पण सैन्याच्या खर्चाची बाकी थकली आणि १८५३ साली त्याला वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवावा लागला. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले. माहूरचा भाग मात्र आदिलाबाद जिल्ह्यात होता.

दोन्ही काठांची माणसं मराठी बोलणारी. देवी एकच. पण पलीकडे कचेरीची भाषा उर्दू, टपालाची तिकिटं निराळी, वर्ष मोजायचं ते फसली सनाने. माल न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात भरायची. आणि नाणंही वेगळं! इकडे कलदार रुपया, तिकडे हाली रुपया. सहा कलदार म्हणजे सात हाली. बारा कलदार घेऊन कोणी पलीकडे गेलं, तर त्याचे हाली किती होतील? करा बरं तोंडी हिशेब!

१५ ऑगस्ट १९४७ ला अलीकडे तिरंगा फडकला. पलीकडे नाही. निजामाला भारतात सामील व्हायचं नव्हतं. रझाकारांच्या जाचाला कंटाळून कितीतरी कुटुंबं संस्थान सोडून सरहद्दीच्या अलीकडे आली. संस्थानाच्या मुक्तीसाठी लढणाऱ्यांच्या छावण्या सरहद्दीवर होत्या. त्यातली एक आपल्या उमरखेडला होती. शेवटी भारतीय फौजा संस्थानात गेल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला.

जुळायला वेळ लागतो

तुम्हाला वाटेल, झालं, दुसऱ्या दिवशी सगळं एक! तसं होत नसतं. हाली नाणं पुढेही बरीच वर्षं चालू होतं; ते पूर्ण बंद झालं १९५९ साली. ज्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं होतं, त्यांना कचेरीतल्या मराठीची सवय करावी लागली.

१ नोव्हेंबर १९५६ ला अलीकडचा विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला, पलीकडचा मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला, आणि दोन्ही मुंबई राज्यात आले. माहूरचा भाग नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक आधी मध्य प्रदेशात उपमंत्री होते; तेच १९६३ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

पण सगळेच खूश होते असं नाही. नागपूरचं राजधानीपण गेलं. म्हणून तर विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी तिथे भरतं. वेगळा विदर्भ हवा, असं म्हणणारे आजही आहेत.

आता भिंतीची गोष्ट

खरोखरीची भिंत होती जर्मनीत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाचे दोन तुकडे झाले. पूर्व जर्मनीत समाजवादी राजवट आली. तिथे घरभाडं आणि पाव स्वस्त, पण मोटारगाडीचा नंबर लागायला दहा-दहा वर्षं! पश्चिमेकडे जायची तर बंदीच. १९६१ साली बर्लिन शहरात मधोमध भिंत उभी राहिली. ती ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री खुली झाली. १ जुलै १९९० ला पूर्वेला पश्चिमेचं नाणं आलं आणि ३ ऑक्टोबरला देश एक झाला.

आनंद तर झालाच. पण पूर्वेकडचे अनेक कारखाने बंद पडले, लाखो लोकांचं काम गेलं. शाळेत ज्यांनी रशियन भाषा शिकली, त्यांना आता इंग्रजी आली नाही तर अडू लागलं. रस्त्यावरच्या सिग्नलमधला टोपीवाला छोटा माणूसही काढायला घेतला. तेव्हा मात्र लोक म्हणाले, निदान एवढा तरी राहू द्या! तो राहिला. आज तो पश्चिम बर्लिनमध्येही दिसतो.

आपल्याकडे समाजवाद नव्हता, निजामाची राजेशाही होती. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. सरहद्द एका दिवसात पुसता येते. सवयी, भाषा, रुसवे मात्र हळूहळू जुळतात. त्यासाठी दोन्ही काठांनी एकमेकांचं ऐकावं लागतं.

आजही १७ सप्टेंबरला पलीकडच्या शाळांत मुक्तिदिनाचा झेंडा लागतो. आपल्याकडे तो रोजच्यासारखा दिवस. यंदा त्या दिवशी घरातल्या मोठ्यांना विचारा, "आपलं कोणी पलीकडून आलं होतं का?" जुन्या पेटीत चारमिनारचं चित्र असलेला चांदीचा रुपया सापडला, तर ओळखा, तो हाली!

आणि हो, त्या हिशेबाचं उत्तर: चौदा.