‘पंप बसला’ म्हणण्याआधी

फरीदाबाद म्हणजे ट्रॅक्टरचं गाव. १९७१मध्ये फोर्ड ट्रॅक्टर इथल्याच एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातून बाहेर पडू लागले, आणि जपानच्या कुबोटाशी सोयरीक जमल्यावर २०२२मध्ये कंपनीचं नावच एस्कॉर्ट्स कुबोटा झालं. तरीही याच दिल्ली-एनसीआरमध्ये हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनचा एखादा जुना छोटा ट्रॅक्टर अडला, तर त्याचा मेकॅनिक सहजासहजी सापडत नाही. कारण साधं आहे. भारतात विकला जाणारा छोटा ट्रॅक्टर बहुतेक वेळा गिअरचा असतो. आपल्याकडच्या द्राक्षबागांतून फिरणारा कुबोटाचा बी२७४१ घ्या. छोटा, जपानी नावाचा, म्हणून अनेकांना तो हायड्रोस्टॅटिक वाटतो. प्रत्यक्षात त्याला नऊ पुढचे आणि तीन मागचे गिअर आहेत.

मग गिअरवर हात बसलेला मिस्त्री हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरवर बसतो, पेडल दाबतो, ट्रॅक्टर रडत रडत चालतो, आणि निदान होतं : ‘पंप बैठ गया.’ हे निदान कधी कधी बरोबरही असतं. पण पंप ही शेवटी संशय घ्यायची वस्तू आहे, आणि आपल्याकडे संशयाची सुरुवातच तिथून होते.

आतली रचना थोडक्यात अशी. इंजिन एक पिस्टन पंप फिरवतं. पंपात एक तिरकी तबकडी असते, स्वॉश प्लेट. पायाखालचं पेडल या तबकडीचा कोन बदलतं. कोन शून्य असेल तर तेल ढकललं जात नाही आणि ट्रॅक्टर उभा राहतो; कोन एका बाजूला गेला की पुढे, दुसऱ्या बाजूला गेला की मागे. पंपाने ढकललेलं तेल मोटर फिरवतं, मोटर चाकं फिरवते, आणि तेल परत पंपाकडे येतं. या बंद फेऱ्यातून थोडं तेल सतत झिरपतं. ते भरून काढायला एक छोटा चार्ज पंप असतो. पुढचे बरेचसे गैरसमज हा चार्ज पंप ठाऊक नसल्यामुळे होतात.

सगळ्यांत पसरलेला गैरसमज मात्र चालवणाऱ्याच्या पायातला आहे. चढ आला किंवा लोडरची बादली मातीत रुतली, की माणूस पेडल पूर्ण दाबतो. मोटारगाडीची सवय. हायड्रोस्टॅटिकमध्ये पेडल म्हणजे ॲक्सिलरेटर नव्हे. पूर्ण दाबलेलं पेडल म्हणजे सर्वांत उंच गिअर. ताकद हवी असेल तर पाय सैल करायचा, म्हणजे तबकडीचा कोन कमी होतो, वेग घटतो आणि ओढ वाढते. इंजिनाचे फेरे हाताच्या थ्रॉटलने वर ठेवायचे आणि रेंजचा दांडा ‘लो’मध्ये टाकायचा. ‘ओढत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारीत पहिला प्रश्न हाच विचारावा : कुठल्या रेंजमध्ये, किती फेऱ्यांवर आणि पेडल किती दाबून? एवढ्यावरही काही तक्रारी मिटतात.

याच्याच शेजारी आणखी एक अपेक्षा बसलेली असते : तेवढ्याच हॉर्सपॉवरच्या गिअर ट्रॅक्टरइतका नांगर हा ओढेल. नाही ओढणार. तेलातून ताकद नेताना गिअरपेक्षा जास्त वाया जाते, आणि ती उष्णता होऊन बाहेर पडते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने अमेरिकेत १९६७मध्ये फार्मॉल ६५६ हायड्रोस्टॅटिक बाजारात आणला, तेव्हापासून हे गणित बदललेलं नाही. पुढे-मागे करत लोडर चालवणं, गवत कापणं, अडचणीच्या जागेत वळणं ही याची कामं. दिवसभर एका वेगात नांगरट हे गिअरचं काम. तिथे कमी पडला म्हणजे ट्रॅक्टर बिघडला असं नव्हे.

आता उन्हाळ्याकडे वळू, कारण एनसीआरमध्ये खरी कसोटी तिथे लागते. मे २०२४मध्ये दिल्लीत सफदरजंगला पारा ४६.८ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत सकाळी नीट चालणारा ट्रॅक्टर दुपारी दमतो, आणि सल्ला मिळतो : ‘तेल पातळ झालंय, जाड तेल टाका.’ निम्मं खरं आहे. तेल पातळ होतंच. ४६ ग्रेडच्या साध्या खनिज हायड्रॉलिक तेलाची दाटपणा ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक्स असतो, तो १०० अंशांना सातच्या आसपास उतरतो. पिस्टन आणि त्याचं भोक यांतलं अंतर मायक्रॉनमध्ये मोजतात. पातळ तेल तिथून निसटतं, आणि झिजलेल्या पंपात जास्तच निसटतं. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर ढिला, ही झिजेची खूण आहे हे मान्य.

पण तेल प्रमाणाबाहेर तापलं का, हे आधी पाहायचं असतं. रेडिएटरच्या पुढे ऑइल कूलर असेल तर त्याच्या फटींत गवताचा भुसा आणि आंधीची धूळ बसून चक्क नमदा तयार होतो. काही ट्रॅक्टरांत पंपाच्या शाफ्टवर छोटा पंखा असतो. त्याची पाती तुटलेली असतात आणि वरून कोणाला दिसत नाहीत. तेलाची पातळी कमी असेल तर तेवढंच तेल जास्त फेऱ्या मारतं आणि लवकर तापतं. पातळी बघायचीही रीत आहे : सपाट जमीन, इंजिन बंद, औजार खाली टेकवलेलं. औजार वर असेल तर सिलिंडरमध्ये गेलेलं तेल डिपस्टिकवर दिसत नाही.

जाड तेलाने काय होतं? जूनमध्ये थोडं बरं वाटतं. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर आला की तेच तेल केसच्या आतल्या गाळणाऱ्या जाळीतून वर चढत नाही. चार्ज पंप उपाशी राहतो, तेलात पोकळ्या तयार होऊन फुटतात आणि पंपाच्या प्लेटवर खड्डे पडतात. म्हणजे झीज लपवायला घातलेलं तेल थंडीत पंपाचा जीव घेतं.

तेलाचा प्रकार हा स्वतंत्र विषय आहे. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत गिअर, तेलात बुडालेले ब्रेक, लिफ्ट आणि हायड्रोस्टॅटिक या सगळ्यांना एकच तेल असतं. म्हणून पुस्तिकेत लिहिलेलं यूटीटीओ (ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनचं सर्वकामी तेल) किंवा कंपनीचं स्वतःचं तेलच भरायचं. गवतकापणीच्या काही यंत्रांत चक्क इंजिन ऑइल चालतं हे खरं आहे, आणि तिथूनच ‘कुठलंही चालतं’ ही समजूत ट्रॅक्टरकडे येते. त्या यंत्रांच्या बनवणाऱ्यांनी तसं सांगितलेलं असतं, म्हणून तिथे चालतं.

तेल चांगलं असूनही ते घाण होण्याचा एक मार्ग कोणाच्या लक्षात येत नाही : उचलणारी ट्रॉली. ट्रॉलीचा जॅक आज या ट्रॅक्टरला जोडलेला, काल दुसऱ्याला, परवा तिसऱ्याला. होजच्या टोकाला धूळ, जॅकमध्ये कोणाचं तरी काळं तेल. कपलर जोडला आणि ट्रॉली खाली घेतली, की ते सगळं तुमच्या ट्रान्समिशनच्या पोटात. जोडण्याआधी कपलर पुसणं आणि टोकाला टोपी ठेवणं, एवढ्याने फिल्टरचं आयुष्य वाढतं. तेल दुधासारखं दिसत असेल तर त्यात पाणी शिरलंय. गिअरच्या दांड्याचं फाटलेलं रबर, डिपस्टिकचं सैल झाकण, प्रेशरने धुण्याची हौस, ही त्याची नेहमीची कारणं. असं तेल गाळून परत भरू नका.

आता आवाज. पंप किंचाळतोय म्हणजे बेअरिंग गेलं, हे निदान घाईचं आहे. चोक झालेल्या जाळीतून तेल ओढणं म्हणजे नाकाला ओला रुमाल बांधून धावणं. पंप त्यानेही किंचाळतो. बाहेरचा फिल्टर बदलतात, पण केसच्या आतली जाळी वर्षानुवर्षं कोणी काढत नाही, कारण तिच्यासाठी तेल उतरवावं लागतं. दुसरं कारण हवा. सक्शनच्या बाजूला आतून ओढ असते, त्यामुळे तिथली ओ-रिंग कडक झाली तर बाहेर तेलाचा थेंबही पडत नाही, फक्त हवा आत जाते. डिपस्टिकवर फेस दिसला तर शंका तिथे घ्या. त्या वेळी लिफ्टही थरथरत वर जात असेल, तर दोघांचं सामायिक असलेलं काही, म्हणजे तेल किंवा जाळी, हा पहिला संशयित.

लिफ्ट ठणठणीत आहे आणि ट्रॅक्टर मात्र जागचा हलत नाही, तेव्हा इंजिनापासून पंपापर्यंत जाणारा शाफ्ट बघा. जुन्या ट्रॅक्टरात त्याच्या कपलिंगचे दात खाल्लेले असतात. इंजिन फिरतं, पंप फिरतच नाही. पार्किंग ब्रेक अडकलेला नाही ना, हेही बघा. हसू नका, असं होतं.

पुढे नीट आणि मागे कमजोर, किंवा उलट? मग पूर्ण पंपाला दोष देणं कठीण आहे, कारण झिजलेला पंप दोन्हीकडे ढिला पडतो. पुढच्या आणि मागच्या दाबाच्या बाजूंना वेगवेगळे चेक किंवा रिलीफ व्हॉल्व्ह असतात. त्यांतला एक कचऱ्याने उघडा राहिला असेल, नाहीतर त्या दिशेला पेडलचं लिंकेज पूर्ण जात नसेल.

लिंकेजवरूनच पुढची तक्रार येते : पाय काढला तरी ट्रॅक्टर हळूहळू सरकतो. याला हमखास ‘आतून गेला’ म्हणतात. बहुतेकदा झिजलेला असतो तो पेडलच्या सांध्यातला बुश, किंवा ढिली पडलेली असते तबकडीला मध्यावर आणणारी स्प्रिंग. न्यूट्रल जुळवायला बोल्ट दिलेला असतो. ही जुळवणी इंजिन चालू ठेवून होते, म्हणून चाकं जमिनीवरून उचलून भक्कम स्टँडवर ठेवायची. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही. नुसत्या जॅकवर हे काम करू नका.

दिल्लीत धक्का मारून गाडी चालू करणं हा एक सामाजिक उपक्रम आहे. हायड्रोस्टॅटिकवर तो चालत नाही. इंजिन बंद म्हणजे चार्ज पंप बंद. चाकं फिरवून इंजिन फिरणार नाही. टोचन करून ओढत नेणं तर घातकच : चाकं मोटरला फिरवतात, मोटरला तेल भरून द्यायला कोणी नसतं, आणि काही किलोमीटरमध्ये आतले भाग कोरडे घासले जातात. बायपास व्हॉल्व्ह असेल तर तो उघडा, रेंजचा दांडा न्यूट्रलला टाका, किंवा सरळ ट्रकवर चढवा. उतारावर इंजिन बंद करून ‘हायड्रोस्टॅटिक धरून ठेवेल’ असं समजणंही चूकच; झिरपत झिरपत तो खाली येतो. पार्किंग ब्रेक लावा.

गळती हाताने चाचपू नका. फेऱ्यात दोनशे बारच्या वर दाब असू शकतो, आणि सुईसारखी धार कातडीतून आत घुसते. पुठ्ठा फिरवून बघा. तेल टोचलंच तर जखम लहान दिसते म्हणून थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

हे सगळं तपासूनही ट्रॅक्टर गरम झाल्यावर ढिलाच राहिला, तर मात्र पंपाची पाळी. त्यासाठी ट्रॅक्टरच्या मिस्त्रीपेक्षा ट्रान्झिट मिक्सरचे पंप दुरुस्त करणारा शोधा. काँक्रीटच्या त्या गाड्यांचा ड्रम हायड्रोस्टॅटिकवरच फिरतो, आणि बांधकामांनी भरलेल्या एनसीआरमध्ये असे पंप खोलणारे, प्लेट लॅपिंग करणारे कारागीर आहेत. मायापुरीच्या भंगार बाजारातून जुना पंप उचलून बसवण्यापेक्षा ते बरं, कारण त्या पंपाची झीज तुम्हाला दिसत नसते.

खोलण्याआधी एक अट घाला. तेल गरम असताना गेज लावून चार्ज प्रेशर मोजायचं, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं आणि दोन्ही आकडे अंदाजपत्रकावर लिहून द्यायचे. जो गेज लावायला तयार नाही, त्याच्या हाती पंप देऊ नका.